राजेळीचे मुनवे

कृषी खात्याच्या खानोलकर मॅडमनी पान देठाशी कापलं, उलटं केलं आणि उन्हाकडे धरलं. आय त्यांच्या शेजारी उभी होती, लाल लुगडं वर खोचलेलं, हातातला कोयता खाली धरलेला.

"दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

देठाच्या कडेनं गडद हिरव्या रेषा होत्या. बारीक, तुटक. कुणी हिरव्या शाईनं टिंबं आणि रेघा ओढत गेल्यासारख्या.

"असं तर आमच्या केळीला असतंच," आय म्हणाली. "ही एमली शाळेत जायला लागली तेव्हापासून बघते मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोवर शिकून त्याच शाळेत शिकवायला लागले होते. वाडीभर हिंडून त्यांनी ठिकठिकाणची पानं कापली, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली आणि तपासणी झाली की येते म्हणून निघून गेल्या.

आमची वाडी आगाशीच्या अलीकडे, बावखलाच्या काठाला होती. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आमच्या वसईत त्यावरच वाड्या जगायच्या. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला ताडांची रांग, आणि मध्ये नुसती राजेळी. दुसरी केळ आय लावतच नसे, कारण तिला सुकेळी करायची असत. पिकलेली राजेळी सोलून मांडवावर उन्हात सुकवायची, संध्याकाळी झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची, असं ती मधासारखी होईपर्यंत. आमच्या घराला त्याचा वास कायमचा होता.

त्या काळात वसईतल्या केळींना झुपका लागला होता. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. नवीन पानं रुंद व्हायचीच नाहीत. अरुंद, ताठ, एकावर एक शेंड्याला गोळा व्हायची, केरसुणी उलटी धरल्यासारखी. असल्या केळीला लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, येत नसे. एक झाड गेलं की शेजारचं, मग ओळच्या ओळ. लोक औषधं मारून थकले. फादरांनी वाड्यांतून फिरून तीर्थ शिंपडलं. आणि या सगळ्यात आमची वाडी मात्र हिरवीगार उभी होती.

लोक म्हणायचे, कोतरीनच्या हाताला गुण आहे. कोतरीन म्हणजे माझी आय. वाडी गेलेली माणसं आमच्याकडे मुनवे मागायला यायची. मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं. ती खणून दुसरीकडे लावली की तिथे नवी केळ होते. आय कुणाला नाही म्हणाली नाही. पैसे घेतले नाहीत. चांगले जाड, तलवारीसारख्या पानांचे मुनवे निवडून ती स्वतः खणायची, मुळांना माती राहील असं बुंध्याच्या सालीत, सोपटात बांधून द्यायची आणि म्हणायची, "लावताना देवाचं नाव घे."

इनास आणि रोजा हे नवं जोडपं तेव्हाच घरातून वेगळं निघालं होतं. त्यांची पहिली वाडी आयच्या मुनव्यांनी लागली. रोजा पोटुशी होती. आयनं तिला वाकू दिलं नाही. सगळे मुनवे स्वतः लावून आली.

पण सगळ्यांत जास्त मुनवे गेले ते मारीमावशीला. आयची ही धाकटी, एकुलती बहीण नाळ्याला दिलेली होती. नवरा लवकर गेला. मुलगा बोटीवर, वर्षात एकदा यायचा. वाडीच तिचं सगळं होतं. तिथे झुपका आला तेव्हा आय पाटीभर मुनवे डोक्यावर घेऊन दोन एसट्या बदलून गेली, दोन दिवस राहिली. तेही गेले. पुढल्या वर्षी पुन्हा घेऊन गेली. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. शेवटी मावशीनं वाडी बिल्डरला दिली. ती बातमी आली त्या दिवशी आय मांडवावरची केळी उलटायची विसरली, पहिल्यांदाच.

मॅडम परत आल्या तेव्हा बा ओट्यावर जाळं विणत बसला होता. आयनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"तुमच्या वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक केळीत रोग आहे," त्या म्हणाल्या.

बा हसला. "मॅडम, जरा लोंगर तरी बघा आमचे."

"बघितले. म्हणून तर मी दोनदा तपासून घेतलं."

"कसला रोग?" आयनं विचारलं.

"तोच. झुपक्याचा." त्या सावकाश, शाळेत समजावतात तशा बोलत होत्या. "विषाणू असतो तो. डोळ्यांना दिसत नाही. केळीच्या अंगात राहतो. तिच्या मुनव्यांत उतरतो. आणि सोपटांत काळा मावा बसलेला असतो ना, तो रस पिताना त्याला उचलतो आणि दुसऱ्या केळीत नेऊन सोडतो."

"मग आमची केळ मरत का नाही?"

"कारण हा विषाणू बदलत असतो. जी केळ त्यानं मारली, तिच्याबरोबर तोही संपला. ज्यानं केळ जगू दिली तोच मागे राहिला. तुमच्याकडे नुसती राजेळी. वर्षानुवर्षं तिच्यातून तिच्यातच फिरून तो नरम झालाय. पण लोकांच्या वाडीत बसराई असते, वेलची असते. त्यांच्यात शिरला की तो पुन्हा बदलतो. तिथे तो नरम राहत नाही. आणि एकदा तिखट झाला की मग राजेळीलाही सोडत नाही."

"हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?" बानं विचारलं. जाळं त्यानं बाजूला ठेवलं होतं.

"रोग आहे हे नक्की. नरम-तिखटाचं अजून तपासतोय आम्ही. पण ज्या ज्या वाडीत झुपका आला तिथे मी विचारत गेले, मुनवे कुठून आणलेत म्हणून." त्यांनी आयकडे पाहिलं. "बहुतेकांनी तुमचं नाव घेतलं. कौतुकानं घेतलं."

मांडवावर एक कावळा येऊन बसला, त्याला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"मारीकडे बसराई होती," आय म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हती.

मॅडमनी सांगितलं ते असं: सगळी वाडी काढावी लागेल. आधी शेंड्यात रॉकेल ओतायचं, म्हणजे मावा उडून दुसरीकडे जाणार नाही. मग केळ तोडायची, खालचा कांदा खणून त्याचे तुकडे करायचे, एकही कोंब फुटता कामा नये. मग काही वर्षं केळ लावायची नाही. सक्ती कुणी करणार नव्हतं, तसा कायदा त्यांच्या हातात नव्हता. त्या फक्त सांगू शकत होत्या.

त्या गेल्यावर बा जेवताना म्हणाला, "आपण आता कुणाला मुनवे द्यायचे नाहीत. संपलं. वाडी काढायची काही गरज नाही."

आय भात वाढत होती.

"आणि कुणाला सांगायचीही गरज नाही. झालं ते काय मुद्दाम झालं?"

"मावा उडतो म्हणाल्या त्या."

"उडू दे. शेजारी राहिलीय कुणाची वाडी?"

आयनं माझ्या ताटात आमटी वाढली. "उद्या नाळ्याला जाते," ती म्हणाली. "एमली येईल बरोबर."

"तिला सांगून तिची वाडी परत येणार आहे?"

"नाही येणार," आय म्हणाली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. पण जेवली नाही.

एसटीत ती खिडकीजवळ बसली. एरवी पाटी मांडीवर असायची, दोन्ही हातांनी धरलेली. त्या दिवशी हात रिकामे होते. ती ते कधी पदराखाली घ्यायची, कधी समोरच्या दांडीला धरायची. वाटेत एकदाच बोलली. "काय सांगू गे तिला?"

"मॅडम म्हणाल्या तसंच सांग. तुला कुठे माहीत होतं?"

"ती गळ्यात पडून रडेल असं वाटतं. नाहीतर घराबाहेर काढेल. दोन्हीतलं काय झालं तर मला सोसेल, ते कळत नाही."

मावशीच्या घरापर्यंत पूर्वी केळींच्या सावलीतून जायला लागायचं. आता तिथे लोखंडी सळ्या रचल्या होत्या, खडीचे ढीग होते आणि एक यंत्र सतत घरघरत होतं. घर तेवढं राहिलं होतं, कडेला, धुळीत. मावशी दारात उभी होती. तिनं आधी आयच्या हातांकडे पाहिलं.

"आज रिकामीच आलीस?"

"रिकामीच."

मावशीनं चहा टाकला. आय चुलीसमोर बसली आणि चहा उकळायच्या आतच बोलायला लागली. मॅडम आल्या, पानं नेली, परत आल्या. देठावरच्या रेषा. मावा. बसराई. तिनं एकही गोष्ट गाळली नाही, स्वतःला सूट देणारा एकही शब्द घातला नाही. मावशी पाठमोरी होती. चहा वर आला, तिनं भांडं उतरवलं, कपांत ओतलं.

"तुझी वाडी मी मारली मारी," आय म्हणाली. "तीनदा येऊन मारली."

मावशीनं कप तिच्यापुढे ठेवला. "दोनदा," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपेचे मी लावलेच नाहीत."

आयला ते कळलं नाही. मलाही नाही.

"पहिल्या खेपेला तुझ्या मुनव्यांच्या ओळीला लागून बसराई होती, ती आधी गेली," मावशी सांगायला लागली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं असेल योगायोग. पण मनात राहिलं. दुसऱ्या खेपेला तू दिलेल्यांतला एकच मुनवा मी लावला. विहिरीपाशी, बसराईच्या मधोमध. तिथे तोवर रोग नव्हता. त्या एकापासून सुरू झालं आणि गोल गोल पसरत गेलं. तेव्हा कळलं."

"बाकीचे?"

"खाडीत टाकले. तिसऱ्या खेपेचेही सगळे खाडीत टाकले."

"पण तू तर म्हणायचीस, तू कशाला हात घाण करतेस, मी लावीन उद्या."

"होय. म्हणायचे."

बाहेरचं यंत्र थांबलं होतं. कामगारांची जेवायची सुट्टी झाली असावी. घरात एकदम इतकं शांत झालं की मला माझा कप बशीत ठेवायची भीती वाटली.

"मग मला सांगितलं का नाहीस?" आयनं विचारलं.

मावशी तिच्यासमोर बसली. "काय सांगणार होते? सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

"म्हणजे?"

"कोतरीन, तू कामाशिवाय कधी कुठे जातेस? हे गेले तेव्हा तू आलीस, सातव्या दिवसाची मिस्सा करून गेलीस. मग चार वर्षं नाही. सणाला नाही, मी आजारी पडले तेव्हा नाही. सुकेळी उन्हात आहेत, पाणी धरायचंय, लोंगर उतरवायचेत. मग माझी वाडी गेली आणि तू मुनवे घेऊन आलीस. दोन दिवस राहिलीस. रात्री आपण आपल्या आयच्या गोष्टी बोलत बसलो. पुढल्या वर्षी पुन्हा आलीस. मला काय, केळी नसत्या तरी चाललं असतं. पोरगा पैसे पाठवतो."

आय तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं आता या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. मी उठून बाहेर जायच्या बेतात होते.

"तुला कळल्याला दोन वर्षं झाली," आय म्हणाली.

"झाली असतील."

"या दोन वर्षांत मी कुणाकुणाला मुनवे दिले ते तुला माहीत होतं. मीच सांगत होते तुला इथे बसून."

मावशी कपाची कड पुसत राहिली.

"पास्कूला दिले. बावतीसच्या विधवेला दिले. इनासला दिले. रोजाला सातवा महिना होता, मी स्वतःच्या हातानं लावून आले. ते तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, नाव काय ठेवणारेत."

"मला वाटलं, त्यांच्याकडे होणार नाही कदाचित."

"तुला असं वाटलं नव्हतं मारी."

मावशीनं मान खाली घातली. म्हणाली, "नव्हतं वाटलं."

आय उठली. चहाला तिनं हात लावला नव्हता. पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल." दारापर्यंत गेल्यावर मावशीनं हाक मारली, "जेवून तरी जा गे." आय वळली नाही. एसटी यायला वेळ होता. आम्ही त्या खडीच्या ढिगापाशी उन्हात उभ्या राहिलो. आय तिथे रडली. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी नुसती तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिले, लोकांना दिसू नये म्हणून.

एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही."

"कुठलं?"

"तिला माहीत होतं ते. बालाही नाही. फादरांनाही नाही."

"पण आय, मग सगळे तुलाच..."

"मुनवे माझे होते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वाडी काढायला घेतली. बा दोन दिवस घरातून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला आणि तिच्या मागून कांदे खणायला लागला. पोसलेले लोंगर होते, केळफुलं उमलत होती. आय शिडीवर चढून शेंड्यात रॉकेल ओतायची, उतरायची, कोयता घालायची. राजेळीचा बुंधा पाण्यानं भरलेला असतो; तोडला की आवाज होत नाही, केळ नुसती बसल्यासारखी खाली येते. कापल्या जागेतून पाणी वाहत राहतं. मी शाळेतून आले की तुकडे गोळा करायचे. माझ्या कपड्यांवर पडलेले केळीचे डाग पुढे कधीच गेले नाहीत.

वाडी संपली तेव्हा घरातून थेट तळं दिसायला लागलं. आम्हा कुणालाच तिकडे बघवेना. शेवटच्या लोंगरांची सुकेळी बानं एकट्यानं केली. आयनं खाल्ली नाहीत.

मग ती घरोघर गेली. ज्यांना ज्यांना मुनवे दिले होते त्यांच्या दारात उभी राहून तिनं सांगितलं, रोग माझ्या वाडीतून आला, उरलेली केळ काढून टाका. बहुतेकांनी तिला आत बोलावलं, बसायला दिलं, जाऊ दे म्हणाले. नंतर तेच लोक देवळात आमच्या बाकावर बसेनासे झाले. बावतीसच्या विधवेनं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. इनास तेव्हा वाडी सोडून कारखान्यात लागला होता. रोजा मूल कडेवर घेऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं ना मावशी, मग तुम्ही काय करणार?" घरी आल्यावर आय म्हणाली की, सगळ्यांत जड तेच गेलं.

मारीमावशीकडे ती पुन्हा कधी गेली नाही. मावशी दोनदा आली. आयनं तिला जेवायला वाढलं, वरण पुढे सरकवलं, मुलाची बोट कुठे आहे ते विचारलं. शेजारणीशी बोलावं तसं. मावशी दोन्ही वेळा संध्याकाळच्या आतच परत गेली. तिसऱ्यांदा आली नाही. पुढे ती त्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मी लग्न होऊन तिकडेच आल्यामुळे अधूनमधून तिच्याकडे जायची. ती खिडकीत बसलेली असायची. मी काही विचारलं नाही, तिनंही काही काढलं नाही. फक्त निघताना दर वेळी म्हणायची, "तिला सांग, मी बरी आहे." मी सांगायची. आय ऐकून घ्यायची.

वाडीत आयनं मोगरा लावला, नंतर भाजी. मॅडम काही वर्षांनी प्रयोगशाळेत तयार केलेली केळीची रोपं घेऊन आल्या. तपासलेली आहेत म्हणाल्या, निर्धास्त लावा. बानं चार लावली. आय त्यांना पाणी घालायची, पण त्यांचे मुनवे फुटले की काढून, चिरून, जाळून टाकायची.

मावशी गेली ती पावसाळा संपता संपता. निरोप आला तेव्हा आय मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. तिनं परडी खाली ठेवली आणि कुणाची वाट न बघता एकटीच एसटीनं नाळ्याला पोचली. मी गेले तेव्हा तिनं बहिणीला आंघोळ घातली होती, केस विंचरत होती. त्या खोलीत ती कुणालाही येऊ देत नव्हती. दाराच्या फटीतून मला तिचे ओठ हलताना दिसले. प्रार्थना करत होती की बोलत होती, ते मला कळलं नाही. मी नंतर विचारलंही नाही.

मातीला सगळा गाव होता. फादरांनी शेवटचे शब्द म्हटले, पेटी खाली उतरली आणि लोक ओळीनं मूठमूठ माती टाकायला लागले. आमच्या मागे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, हळू आवाजात, पण इतक्याही हळू नाही, "बिचारी मारी. काय वाडी होती तिची. सख्ख्या बहिणीनं मुनवे देऊन घालवली. आता आलीय मातीला."

मी मागे वळले. इतकी वर्षं गप्प राहिलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

आयनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला ओली माती होती. तिनं त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माती टाक," ती मला म्हणाली. "लोक खोळंबलेत."